ग्राफचं विजेट स्वतः लिहायचं की तयार लायब्ररी घ्यायची?

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा आणि ठाण्यातलं वागळे इस्टेट, दोन्हीकडे चाचणीची यंत्रं बनवणारे लहान कारखाने आहेत. कोणाची व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली तपासायची हायड्रो टेस्ट बेंच, कोणाची भट्टी, कोणाचा मोटर तपासायचा रिग. पूर्वी यंत्राला कागदी रेकॉर्डर लावून भागायचं. आता सोबत पीसी जातो आणि त्यावर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. डेमोला आलेला ग्राहक लॉगिन बघत नाही, सेटिंग बघत नाही, त्याची नजर ग्राफवर असते. त्यामुळे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, बहुतेक ठिकाणी एकट्याच असलेल्या, प्रोग्रामरपुढे हा प्रश्न लवकरच येतो: ग्राफ स्वतः काढायचा की लायब्ररी आणायची, आणि आणायची तर कोणती?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अक्ष, झूम, छपाई ही कामं लायब्ररीकडे द्या आणि तुमच्या यंत्राचा अर्थ ज्या भागात आहे तेवढा भाग स्वतः लिहा. अख्खं विजेट हाताने लिहिणं दोनच प्रसंगी परवडतं, ते पुढे येतील. पण हे मत ज्या आकड्यांवर उभं आहे ते तपासल्याशिवाय उचलू नका. तुमचे आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येईल.

आधी पॉइंट मोजा

हायड्रो टेस्ट घ्या. एक प्रेशर ट्रान्समीटर, सेकंदाला १० रीडिंग, अर्ध्या तासाची टेस्ट: १८,००० पॉइंट. भट्टीला १६ थर्मोकपल, सेकंदाला एक रीडिंग, २४ तास: दर चॅनेलला ८६,४००, सगळे मिळून १३,८२,४००. मोटरच्या रिगवर ८ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला १,००० सॅम्पल, फक्त १० मिनिटं: ४८ लाख.

पहिल्या कामाला कुठलीही लायब्ररी चालते, हाताने लिहिलेलं विजेटही चालतं. दुसऱ्याचा आकडा मोठा दिसतो, पण तिथे स्क्रीन सेकंदाला एकदाच बदलायची असते, त्यामुळे तेही आटोक्यात राहतं. निवड खरी अवघड होते ती तिसऱ्या कामात. ४८ लाख पॉइंटचे वेळ आणि किंमत दोन्ही डबलमध्ये (८ बाइटांचा आकडा) ठेवले तर दर पॉइंटला १६ बाइट, म्हणजे सुमारे ७७ एमबी. सॅम्पल ठरावीक अंतराने येत असतील तर प्रत्येकाची वेळ साठवायची गरजच नाही. सुरुवातीची वेळ आणि दोन सॅम्पलमधलं अंतर पुरतं. किंमत फ्लोटमध्ये (४ बाइटांचा आकडा) ठेवली की तोच डेटा १९ एमबीत बसतो. सगळ्या लायब्ऱ्या अशी साठवण स्वीकारत नाहीत, म्हणून निवडण्याआधी हे बघून घ्या.

वेळ मात्र कधीही फ्लोटमध्ये ठेवू नका. १९७० पासून मोजलेले सेकंद आता १७० कोटींच्या पुढे गेले आहेत आणि ३२ बिटांच्या फ्लोटला त्या आकड्यापाशी १२८ सेकंदांपेक्षा बारीक फरक कळत नाही. दोन मिनिटांतले सगळे पॉइंट एकाच उभ्या रेघेवर येऊन बसतात. ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची सोय, वापरून स्वतः रेघ काढणारे इथे हमखास अडकतात, कारण ग्राफिक्स कार्डाला डेटा सहसा फ्लोटमध्येच जातो. उपाय सोपा आहे: डबलमध्ये आधी सुरुवातीची वेळ वजा करा आणि उरलेला लहान आकडा कार्डाला द्या.

हाताने लिहिलं तर काय काय पदरात पडतं

क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची सी++ ची लायब्ररी) क्यूविजेटवरून आपला क्लास काढायचा, पेंटइव्हेंटमध्ये क्यूपेंटर उघडायचा, किमतींचं पिक्सेलमध्ये रूपांतर करायचं, पॉलीलाइन काढायची. स्क्रीनवर वाय खाली वाढतो म्हणून तो उलटा करायचा. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवर सी शार्पने खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) ऑनरेंडरमध्ये स्ट्रीमजॉमेट्री भरली की तेच काम होतं. दुपारच्या जेवणाआधी रेघ उमटते, आणि ती बघून वाटतं की लायब्ररीची काय गरज आहे?

गरज अक्षांवर कळते. समजा दाब ० ते १३७.४ बार आहे आणि अक्षाचे सहा भाग हवेत. सरळ भागाकार केला तर खुणा २२.९, ४५.८, ६८.७ अशा पडतात. अशा अक्षावरून ऑपरेटरला काहीही वाचता येत नाही. संगणक-चित्रणातले संशोधक पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत इथे अजून उपयोगी पडते: पाऊल नेहमी १, २ किंवा ५ गुणिले दहाचा घात असंच घ्यायचं. २२.९ जवळचं पाऊल २०, मग खुणा ०, २०, ४० करत १४० पर्यंत जातात. लिहायला वीस ओळी लागतात. त्यातही ०.१ मध्ये ०.१ मिळवत गेलात तर तिसऱ्या खुणेशी ०.३०००००००००००००००४ उभा राहतो, म्हणून खुणेचा क्रमांक गुणिले पाऊल असाच हिशेब ठेवायचा.

पुढे चालू डेटा येतो. दाब ९९ वरून १०१ झाला की लेबल दोन अंकांवरून तीन अंकांवर जातं, डावा समास रुंद होतो आणि अख्खा ग्राफ उजवीकडे उडी मारतो. दाब १०० च्या आसपास हेलकावे खात असेल तर ग्राफ थरथरत राहतो. त्यासाठी समास वाढू द्यायचा पण लगेच आकसू द्यायचा नाही, आणि अक्षाची मर्यादा पटकन वाढवायची पण सावकाश उतरवायची.

वेळेचा अक्ष याहून त्रास देतो, आणि त्यातली एक खोच खास आपल्याकडची आहे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तासातासाच्या खुणा जागतिक वेळेतल्या सेकंदांवरून काढल्या की त्या आपल्याकडे ९:३०, १०:३०, ११:३० वर पडतात. रोजच्या खुणा मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला पडतात. ज्यांची वेळ पूर्ण तासांनी पुढे-मागे आहे त्यांना तासाच्या खुणांमध्ये ही चूक दिसतच नाही, त्यामुळे परदेशी उदाहरणावरून उचललेल्या कोडमध्ये ती बिनबोभाट राहून जाते. शिफ्ट सकाळी सातला सुरू होते आणि ग्राफवर सातची रेघच नाही, ही सुपरवायझरची रास्त तक्रार आहे. लायब्ररी घेतलीत तरी हे पहिल्याच दिवशी तपासा. बहुतेक चांगल्या लायब्ऱ्यांमध्ये खुणांचा आरंभबिंदू किंवा टाइमझोन बदलायची सोय असते.

याशिवाय विंडोजवर स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं असेल तर रेघ पुसट होऊ नये, माउसच्या चाकाने झूम केल्यावर कर्सरखालचा पॉइंट जागचा हलू नये, कर्सरजवळचं रीडिंग लाखो पॉइंटमधून झटकन सापडावं, एका चॅनेलची रेघ लपवता यावी. आणि पीडीएफ रिपोर्टात ग्राफ स्क्रीनशॉटसारखा ठिपक्यांचा न उमटता खऱ्या रेघांचाच उमटावा. यातलं प्रत्येक काम एकट्याने होण्यासारखं आहे. पण सगळी मिळून महिने खातात, आणि त्या महिन्यांत तुमच्या यंत्राबद्दल ग्राफने नवीन काहीच सांगितलेलं नसतं.

गर्दीतला झटका

निवडीचा खरा कस इथे लागतो, म्हणून जरा थांबतो.

१९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर अक्ष-समास वगळून ग्राफला साधारण १,६०० पिक्सेल मिळतात. रिगच्या एका चॅनेलचे ६ लाख पॉइंट त्यात बसवायचे, म्हणजे पिक्सेलच्या एका उभ्या ओळीत ३७५ पॉइंट. सगळे काढायला गेलात तर स्क्रीन अडखळते. म्हणून छाननी करावीच लागते, आणि ती कशी केली यावर ग्राफ खरा की खोटा हे ठरतं.

समजा दाब ४० बारवर स्थिर आहे आणि मध्येच दोन मिलिसेकंदांसाठी १०० बारचा झटका आला. सेकंदाला १,००० सॅम्पल म्हणजे तो झटका फक्त दोन सॅम्पलमध्ये आहे. दर ३७५ पैकी एक पॉइंट उचलला तर तो बहुधा सापडणारच नाही. सरासरी घेतली तर झटक्याच्या दोन सॅम्पलचे ४० च्या वरचे ६०-६० बार ३७५ मध्ये वाटले जातात आणि ग्राफवर ४०.३२ दिसतं. सील कशाने फाटलं ते शोधणाऱ्या माणसाला तुमचा ग्राफ सांगतो की काही झालंच नाही. तिसरा मार्ग मिन-मॅक्सचा, तो असा की दर ओळीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा असे दोनच पॉइंट ठेवायचे. झटका पूर्ण १०० बारचा दिसतो. आठ चॅनेल मिळून २५,६०० पॉइंट काढावे लागतात आणि साधा क्यूपेंटरही ते सहज ओढतो.

एलटीटीबी (लार्जेस्ट ट्रँगल थ्री बकेट्स) नावाची छाननीची एक पद्धत लोकप्रिय आहे, आइसलँड विद्यापीठातल्या २०१३ च्या एका प्रबंधातून आलेली. ती रेघेचा आकार डोळ्यांना पटेल असा राखते आणि शेअरच्या भावासारख्या ग्राफना छान शोभते. पण प्रत्येक टोक राहीलच याची हमी ती देत नाही. चाचणीच्या यंत्रावर मी मिन-मॅक्सच वापरतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

आता लायब्ऱ्या या एकाच मुद्द्यावर शेजारी-शेजारी ठेवून बघा. क्यूकस्टमप्लॉटमध्ये (सी++, क्यूटी) अशी छाननी आपोआप चालू असते आणि ती टोकं सांभाळते. पायक्यूटीग्राफमध्ये (पायथन) ती सुरुवातीला बंद असते. डाउनसॅम्पलिंग चालू करून पद्धत पीक ठेवायची आणि क्लिपटूव्ह्यू लावायचं, म्हणजे नजरेबाहेरचे पॉइंट ती सोडून देते. त्याच लायब्ररीत मीन आणि सबसॅम्पल या पद्धतीही आहेत. वर सांगितलेल्या कारणांसाठी चाचणीच्या यंत्रावर त्यांना हात लावू नका. स्कॉटप्लॉटमधला (सी शार्प) सिग्नल प्रकार ठरावीक अंतराच्या सॅम्पलसाठीच बनवलेला आहे, वेळ वेगळी मागत नाही आणि लाखो पॉइंट आरामात दाखवतो. क्यूटीच्या स्वतःच्या क्यूटी चार्ट्समध्ये मात्र ही छाननी तुम्हालाच करावी लागते.

हाताने लिहिणाऱ्याला इथे एक फायदा आहे. दर २५६ सॅम्पलचे मिन-मॅक्स डेटा येतानाच काढून ठेवायचे, मग त्या जोड्यांचेही पुढचे गट करत थर रचायचे. पूर्ण दहा मिनिटं बघा की अर्धा सेकंद, मेहनत जवळजवळ तेवढीच पडते. हे मात्र लायब्ररी घेऊनही करता येतं: थर तुमच्याकडे ठेवायचे आणि लायब्ररीला फक्त चालू दृश्याचे पॉइंट द्यायचे.

क्यूटीतले पर्याय

सी++ आणि क्यूटीवर असाल तर माझी पहिली पसंती क्यूकस्टमप्लॉट. एक हेडर आणि एक सीपीपी अशा दोनच फायली प्रोजेक्टमध्ये टाकायच्या. कागदपत्रं नीट आहेत, पीडीएफमध्ये ग्राफ रेघांचाच जातो. चालू डेटासाठी रीप्लॉट (ग्राफ पुन्हा काढणारं फंक्शन) दर सॅम्पलला न बोलावता ३० ते ५० मिलिसेकंदांच्या टायमरवर ठेवा आणि सिरियल पोर्ट वाचणारा थ्रेड फक्त बफर भरू द्या. त्या थ्रेडमधून विजेटला थेट हात लावायचा नाही, हा क्यूटीचा नियम कुठल्याही लायब्ररीने बदलत नाही.

क्यूडब्ल्यूटी जुनी आणि मजबूत आहे. ग्राफसोबत डायल, थर्मामीटर, नॉब अशी विजेटंही तिच्यात मिळतात, म्हणून पॅनेलसारखं रूप हवं असेल तर तिचा विचार करा. बिल्ड करायला थोडी जास्त खटपट पडते.

क्यूटी चार्ट्स २०१६ मध्ये क्यूटी ५.७ सोबत सगळ्यांसाठी खुलं झालं. दिसायला देखणं आहे, महिन्याच्या अहवालाच्या बार चार्टला उत्तम. वेगाने येणाऱ्या डेटाला ते दमतं, कारण ते क्यूटीच्या ग्राफिक्सव्ह्यू या जड यंत्रणेवर उभं आहे. ओपनजीएलची सोय आहे, पण ती फक्त साध्या रेघेला आणि विखुरलेल्या पॉइंटना लागू पडते. पॉइंट एकेक करून जोडण्यापेक्षा अख्खी यादी रीप्लेसने बदलली तर बराच फरक पडतो. क्यूटी ग्राफ्स हा नवा मॉड्यूल क्यूटी ६.८ पासून पूर्णपणे उपलब्ध आहे, पण तो क्यूएमएलच्या, म्हणजे पडदे मांडायच्या क्यूटीच्या वेगळ्या भाषेच्या, बाजूचा. जुनं विजेटवालं सॉफ्टवेअर असेल तर ग्राफसाठी तिकडे उडी मारण्यात अर्थ नाही.

रेघेच्या जाडीबद्दल एक सांगतो, कारण क्यूटीवर ग्राफ संथ चालण्याचं कारण पुष्कळदा तेच निघतं. क्यूटीचं साधं रास्टर इंजिन एक पिक्सेलची रेघ झपाट्याने काढतं. जाडी दोन-तीन केली आणि अँटीअलायझिंग (रेघेच्या कडा गुळगुळीत करणं) लावलं की तेच काम कितीतरी पटीने जड होतं. छाननी केल्यानंतरच जाड रेघ वापरा.

पायथन, डॉटनेट आणि वेब

पायथनमध्ये चालू डेटासाठी पायक्यूटीग्राफ आणि रिपोर्टसाठी मॅटप्लॉटलिब, ही विभागणी मला योग्य वाटते. मॅटप्लॉटलिब क्यूटीच्या खिडकीत बसवता येतं, ब्लिटिंग (फक्त बदललेला भाग पुन्हा काढणं) करून वेगही थोडा वाढतो, पण ते मुळात छापण्याजोगी आकृती काढायला बनलं आहे. सेकंदाला वीसदा बदलणारा ग्राफ त्याच्याकडून अपेक्षू नये.

सी शार्प आणि डब्ल्यूपीएफवर स्कॉटप्लॉट वेगासाठी. ऑक्सिप्लॉट शांत, स्थिर, इंजिनिअरिंगच्या साध्या ग्राफना पुरेसं. लाइव्हचार्ट्स २ चं अ‍ॅनिमेशन छान आहे, पण चाचणीच्या यंत्रावर अ‍ॅनिमेशन मी बंद करतो: दाब पडला तर तो पडलेलाच दिसावा, सावकाश घसरताना नको. डब्ल्यूपीएफमध्ये स्वतः लिहायचं ठरलं तर जॉमेट्री फ्रीझ करायला विसरू नका. फार दाट डेटासाठी राइटेबलबिटमॅपवर थेट पिक्सेल भरा.

डेस्कटॉपच्या खिडकीत वेबव्ह्यू, म्हणजे आतल्या आत एक ब्राउझर, ठेवून जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरणं हाही एक मार्ग आहे. टीममध्ये वेबवाले असतील तर चालेल. यूप्लॉट लहान आणि वेगवान आहे, ईचार्ट्समध्ये प्रकार भरपूर आहेत. पण डेटा सतत दोन जगांमधून ये-जा करतो, शिवाय इन्स्टॉलर फुगतो. एका ग्राफसाठी मी हे करणार नाही.

मराठी लेबलांचा मुद्दा आपल्याला महत्त्वाचा आहे, कारण ‘तापमान’ आणि ‘स्थिती’ असं मराठीत लिहिलेलं यंत्र ऑपरेटरला आपलं वाटतं. क्यूटी देवनागरी नीट जुळवतं, म्हणून क्यूपेंटरवर चालणाऱ्या सगळ्याच लायब्ऱ्यांमध्ये जोडाक्षरं बरोबर येतात. डब्ल्यूपीएफचं स्वतःचं अक्षरचित्रणही ठीक आहे. मॅटप्लॉटलिबच्या आजवर सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्यांमध्ये मात्र ‘स्थिती’तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. डॉटनेटमध्ये चित्र काढायच्या स्कियाशार्प लायब्ररीचं साधं मजकूर काढणंही अक्षरं जुळवत नाही, त्यासाठी अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझची जोड लागते. म्हणून त्यावर बांधलेल्या लायब्ररीत ‘क्षमता’, ‘स्थिती’, ‘प्रवाह’ हे तीन शब्द आधी टाकून बघा. ओपनजीएलमध्ये स्वतः अक्षरं काढायच्या भानगडीत पडूच नका.

लायसन्स आणि ग्राहकाचा जुना पीसी

वागळे इस्टेटमधला मालक हा भाग वाचणार नाही आणि प्रोग्रामरला तो कंटाळवाणा वाटेल, पण पैशांचा प्रश्न इथेच आहे. क्यूकस्टमप्लॉट, क्यूटी चार्ट्स आणि क्यूटी ग्राफ्स जीपीएल या खुल्या लायसन्सखाली किंवा विकत घेतलेल्या लायसन्सखाली मिळतात. जीपीएलचा कोड असलेलं सॉफ्टवेअर यंत्रासोबत ग्राहकाला दिलंत की त्या ग्राहकाला तुमच्या सॉफ्टवेअरचा सोर्स मागायचा हक्क मिळतो. फक्त स्वतःच्या कारखान्यात वापरलंत तर हा प्रश्न येत नाही. यंत्र विकणाऱ्यांपुढे मग दोनच रस्ते उरतात: लायसन्स विकत घ्या, किंवा दुसरी लायब्ररी निवडा.

क्यूडब्ल्यूटी एलजीपीएल या जीपीएलच्या सैल भावंडाखाली, वर आणखी सवलतींसह, आहे. पायक्यूटीग्राफ, स्कॉटप्लॉट, ऑक्सिप्लॉट, लाइव्हचार्ट्स २ एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे सगळ्यात मोकळी. पायक्यूटीग्राफ वापरताना पायथनला क्यूटीशी जोडायला खाली पायक्यूटी न घेता पायसाइड ६ घ्या. पायक्यूटी जीपीएल किंवा विकतचं आहे, पायसाइड एलजीपीएल. ग्राफची लायब्ररी मोकळी आणि तिच्याखालची बांधलेली, अशी जोडी नकळत ग्राहकाकडे जाते.

दुसरी बाब पीसीची. शॉपफ्लोअरवर विंडोज ७ चे पॅनेल पीसी अजून भेटतात. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, क्यूटी ५.१५ विंडोज ७ वर चालतं. पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालत नाही. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर चालतं. आधुनिक वेबव्ह्यूचा तिथे पाठिंबा संपला आहे. अशा पीसीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर ओपनजीएलचा भरवसा धरू नये. छाननी नीट केली तर बहुतेक वेळा ओपनजीएलची गरजही पडत नाही.

मधली वाट: लायब्ररी त्यांची, थर आपला

एका हायड्रो टेस्ट बेंचवर ऑपरेटर व्हॉल्व्हपाशी उभा असतो, स्क्रीनपासून दहा फूट लांब. हात ओले, ग्लोव्ह्ज घातलेले. तो मला म्हणाला, “साहेब, ग्राफ मस्त आहे हो, पण माल पास झाला का नाही ते इथून कसं कळणार?” मी विचारलं, “दादा, तुम्ही नक्की काय बघता?” तो म्हणाला, “दाब चढवला, थांबवला, की दहा मिनिटं काटा हलता कामा नये. तेवढंच.”

कुठल्याही लायब्ररीत ‘काटा हलता कामा नये’ नावाचा ग्राफ नाही. दाब ठरलेल्या आकड्यावर पोचल्यापासून होल्डची मुदत संपेपर्यंतचा एक पट्टा, वर-खाली परवानगीची मर्यादा, रेघ आत असेपर्यंत पट्टा हिरवा, बाहेर पडली की त्या क्षणापासून लाल, आणि कोपऱ्यात उरलेल्या मिनिट-सेकंदांचा मोठा आकडा. हा भाग तुमचा. क्यूकस्टमप्लॉटमध्ये तो आयटम किंवा प्लॉटेबलच्या बेस क्लासवरून, पायक्यूटीग्राफमध्ये ग्राफिक्सऑब्जेक्टवरून, स्कॉटप्लॉटमध्ये आयप्लॉटेबलमधून लिहिता येतो. अक्ष आणि झूम लायब्ररीचे, दोनशे-तीनशे ओळी तुमच्या. या ओळी यंत्र ओळखतात, आणि पुढच्या ग्राहकाने नियम बदलला तर तेवढ्याच ओळी बदलतात.

याच थरात तुटलेल्या वायरची काळजी घ्या. ४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर ० ते १० बारसाठी लावलेला असेल (४ म्हणजे ० बार, २० म्हणजे १० बार) आणि वायर तुटली तर करंट ० होतो आणि हिशेबाने दाब उणे २.५ बार निघतो. ग्राफ तो इमानदारीने काढतो आणि वायचा अक्ष खाली ओढला जातो. ३.६ मिलिअँपिअरच्या खालचा करंट दोष समजायची पद्धत या क्षेत्रात रुळलेली आहे. तिथे पॉइंटच्या जागी नॅन (‘इथे आकडा नाही’ अशी खूण) घाला, म्हणजे रेघ तुटलेली दिसेल. हाताने लिहिलेल्या विजेटमध्ये ही तुटलेली रेघ वेगळी सांभाळावी लागते. बहुतेक लायब्ऱ्या ती स्वतः सांभाळतात. मिन-मॅक्स काढताना मात्र नॅन बाजूला ठेवा, नाहीतर अख्खी ओळ गिळली जाते.

अख्खं विजेट स्वतःचं कधी?

पहिला प्रसंग लहानसा आहे: डॅशबोर्डच्या चौकोनात आकड्याखाली धावणारी बारीक रेघ, अक्ष नाही, झूम नाही. दीडशे ओळींत होते, लायब्ररी नको.

दुसरा प्रसंग मला मनापासून आवडतो, तो गोल चार्टचा. कागदी चकती फिरवणारे रेकॉर्डर कारखान्यांत दशकानुदशकं वापरले गेले आहेत आणि पाहणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरला तो आकार ओळखीचा असतो. स्क्रीनवर आणि रिपोर्टात तसाच चार्ट द्या, अशी मागणी येते. लायब्ररीतला पोलर ग्राफ बघून वाटतं की झालं काम. पण त्या चकतीवर पेन सरळ त्रिज्येवर सरकत नाही. पेनचा हात बाजूच्या खिळीवर फिरतो, म्हणून चकतीवरच्या वेळेच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतात. पोलर ग्राफच्या सरळ रेघा जुन्या माणसाला लगेच खोट्या वाटतात, आणि जुन्या कागदी चकतीवर ठेवून ताडता येत नाहीत.

इथे स्वतःच लिहायचं, आणि गणित दोन फिरकींचं आहे. आधी दाबावरून हाताचा कोन काढा आणि खिळीपासून हाताच्या लांबीवर पेनचं टोक ठेवा. मग चकती जितकी फिरली तितकं ते टोक चकतीच्या मध्याभोवती फिरवा. २४ तासांच्या चकतीला तासाला १५ अंश. ग्रिड काढायला हेच सूत्र पुरतं: वेळ कायम ठेवून दाब बदलला की कमान, दाब कायम ठेवून वेळ बदलली की वर्तुळ. ग्रिड एकदाच क्यूपिक्समॅपमध्ये (तयार चित्र म्हणून) काढून ठेवायची आणि दर वेळी तिच्यावर फक्त नवी रेघ चढवायची. खिळीची जागा आणि हाताची लांबी ग्राहकाच्या खऱ्या कागदी चकतीवर पट्टी आणि कंपास ठेवून मोजून घ्या, कारण प्रत्येक बनावटीच्या चकतीत ती वेगळी असते.

तर मग कुठली?

नवी मुंबईतला एखादा लहान कारखाना यंत्रासोबत सॉफ्टवेअर विकणार, सी++ क्यूटीवर आहे, वेग मध्यम आहे आणि सोर्स द्यायचा नाही: क्यूडब्ल्यूटी, किंवा पैसे देऊन क्यूकस्टमप्लॉट. मी दुसरा घेईन, वाचलेले महिने लायसन्सची किंमत भरून काढतात. सी शार्पवाले असाल तर स्कॉटप्लॉट, फारसा विचार न करता. पायथनवाल्यांनी पायसाइड ६ आणि पायक्यूटीग्राफ. घरच्या वापराचं, कारखान्याबाहेर न जाणारं सॉफ्टवेअर असेल तर जीपीएलची चिंता सोडा आणि क्यूकस्टमप्लॉट तसंच वापरा. विंडोज ७ चे पीसी बदलता येणार नसतील तर क्यूटी ५.१५ किंवा डॉटनेट फ्रेमवर्क ४.८, बाकीचे बाद.

पक्कं करण्याआधी एक नकली डेटा फाइल बनवा: ८ चॅनेल, ४८ लाख पॉइंट, त्यात मुद्दाम दोन सॅम्पलचा एक झटका, मध्येच तुटलेली वायर, आणि सकाळी सहा-पंचावन्न ते सात-पाच अशी शिफ्ट बदलतानाची वेळ. ती तुमच्या लॅपटॉपवर न लावता ग्राहकाच्या पॅनेल पीसीवर लावा आणि एक अख्खी शिफ्ट चालू ठेवा. झटका पूर्ण उंचीचा दिसतो का, सातची रेघ आहे का, वायर तुटल्यावर रेघ तुटते का, आणि शिफ्ट संपताना टास्क मॅनेजरमधली मेमरी सुरुवातीएवढीच आहे का, एवढं बघून मग ऑर्डर घ्या.